पडलेय जरा

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मोठा शोध लावल्यासारखं वाटायला नको. लहानपणी मी विहिरीत डोकावायला घाबरायचे, आता फोनला घाबरते. वाजला तर घाबरते, नाही वाजला तर जास्त घाबरते. "देवानं वाघिनीचं तोंड दिलंय आन् सशाचं काळीज," असं आई माझं वर्णन करते. तोंडाबद्दलचं तिचं म्हणणं खरं आहे. ऑफिसात माझ्याशी फारसं कुणी वाद घालत नाही.

आई तेव्हा मोडनिंबला एकटी असायची. वडील गेले होते, भाऊ पुण्याला नोकरीत अडकलेला, मी सोलापुरात. वडिलांचे दिवस झाल्यावर मी तिला माझ्याकडे चल म्हटलं, तर तिनं विचारलं, "तुज्या त्या तिसऱ्या मजल्यावर शेळी कुटं बांदायची?" मग मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा, असं ठरलं. बोलणं रोज तेच. जेवलीस का, गोळी घेतलीस का, काय करतीस. शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं असायचं.

"काय न्हाय. पडलेय जरा."

"बरं, पड," म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मग माझा घास नीट गिळला जायचा.

माझं काम म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकात मीठ कमी आहे का ते सांगणं. कुठलीतरी संस्था म्हाताऱ्या माणसांसाठी आरोग्याचा कार्यक्रम चालवते, आणि त्याचा खरंच उपयोग झाला की नुसतेच फोटो निघाले, हे आमचं ऑफिस तपासतं. त्या वर्षी शहराच्या पूर्व भागातला एक कार्यक्रम आमच्याकडे आला. चहूबाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट, मध्ये एक समाजमंदिर, आणि तिथे दुपारी तीन वाजता वयस्कर बायकांचा व्यायाम. खुर्चीला धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, फरशीच्या रेघेवरून सरळ चालायचं. म्हातारपणी तोल जाऊ नये, माणसानं पडू नये, एवढाच हेतू. व्यायाम घेणारी ताई शिट्टी वाजवायची आणि जन्मभर विड्या वळलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत, हसत पाय उचलायच्या.

हेतू मला फार पटला होता. म्हातारं माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं, खाटेला खिळतं, आणि मग पुढचं सगळं त्या खाटेवरच होतं. कामाचे कागद वाचताना हे वाक्य आलं की मला दर वेळी मोडनिंबची आमची मोरी दिसायची. कोपऱ्यात शेवाळलेली, कडेला पाण्याचं पातेलं, आणि त्या ओल्या फरशीवर आईचा पाय. मी कागद उलटा घालून पाणी पिऊन यायचे.

वर्ग सुरू व्हायच्या आधी त्या संस्थेच्या मुलींनी घरोघर जाऊन बायकांना विचारलं होतं, आणि वर्षभरानं पुन्हा विचारलं. आधी बहुतेक जणी पडत होत्या. वर्षानंतर जवळजवळ कुणीच पडत नव्हतं. पडण्याचं प्रमाणच पडलं, असा विनोद आमच्या सरांनी केला आणि ते स्वतःच हसले. आता हाच कार्यक्रम तालुक्यांत न्यायचा, असं ते म्हणाले, आणि पहिलं नाव माढा तालुक्याचं घेतलं. माढा तालुका म्हणजे मोडनिंब, आणि मोडनिंब म्हणजे आई. मी घरी जाताना खरंच देवापुढे नारळ फोडला. माझ्याकडे काम उरलं होतं ते फक्त काही घरी जाऊन खात्री करून घेण्याचं.

त्या दिवशी पूर्व भागाकडे जाताना मी रिक्षातूनच आईला फोन लावला. बाजूच्या कारखान्याचा आवाज एवढा होता की दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं.

"काय करतीस?"

"पडलेय हितं." आवाज बारीक आला.

"बरं, पड," मी म्हटलं आणि रिक्षावाल्याला वळण दाखवायला लागले.

पहिल्याच घरी एक अम्मा होत्या. घरात तेलुगू, दारात मराठी, असं त्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं असतं. वर्गात त्या पुढच्या रांगेत उभ्या राहायच्या. मी चहा घेतला, सुनेची चौकशी केली आणि मुद्द्यावर आले.

"अम्मा, वर्ग सुरू व्हायच्या आधी तुम्ही पडायचात ना?"

"व्हय की."

"म्हणजे महिन्यातून एखाद्या वेळी?"

"महिन्यातनं कशाला? रोज पडायची."

मी दचकले. "रोज? आणि लागायचं नाही?"

"लागायचा की. लगेच लागायचा डोळा." अम्मांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जेवान झालं, भांडी झाली, की पंख्याखाली पडायचं. आता कुटं पडू देताय तुमी? तीन वाजले की तुमची शिट्टी वाजती."

मला हसू आवरेना. पडण्याचं प्रमाण कमी झालं होतं खरंच. अम्मांच्या गुडघ्यांत बळ आलं म्हणून नाही, तर त्यांची दुपारची झोप मोडली म्हणून. मूळ प्रश्न इंग्रजीतला. कुणीतरी त्याचं जड मराठी केलं. मुलींनी दारात उभं राहून ते हलकं केलं, "आजी, पडता का हो कधी?" आणि दुपारी न पडणारी आजी आपल्याकडे कुठे शोधायची? सरांचा चेहरा कसा होईल, या कल्पनेनं मी हसत होते. अम्माही हसत होत्या. आणि हसता हसताच मला मघाचा फोन आठवला.

पडलेय हितं.

रोज ती "पडलेय जरा" म्हणते. आज "जरा" नव्हतं. आज "हितं" होतं. हितं म्हणजे कुठं? आणि मी तिला म्हणाले होते, बरं, पड.

मी तिथेच फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि आपोआप थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेजारच्या घरातल्या सुनेला लावला, तर तिचा बंद. आज आठवडी बाजार, ती गेली असणार, आणि बाजारात गेलेल्या बाईला कोण शोधणार? भावाला काय सांगायचं होतं, आईनं एक शब्द बदलला म्हणून? मी अम्मांना काहीतरी सांगून उठले. रिक्षा मिळेपर्यंत मी चप्पल हातात घेऊन पळाले की पायात घालून, हे मला आजही आठवत नाही.

पुण्याकडे जाणारी एसटी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली आणि उन्हानं तापलेला गज मी घट्ट धरून बसले. चिंचोळीला एमआयडीसीची पाळी सुटली होती. कामगार डबे सांभाळत एकेक करून चढत होते आणि कंडक्टर प्रत्येकाशी घरचं बोलत होता. कुणाच्या मुलाचा निकाल, कुणाच्या म्हशीचं दुखणं. मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. पुढच्या बाकावर दोघे जण डाळिंबाचं बोलत होते. भाव पडला, लई पडला, असा पडला की विचारू नका. या दोघांना आज दुसरा शब्दच सापडत नव्हता.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. माझ्या मनानं तर मोहोळचा थांबा यायच्या आत सगळं उरकून टाकलं. मोरीत पडलेली आई, केसांखाली ओलं काहीतरी, फोन हाताच्या पुढे, पोचत नाही असा. तिनं किती वेळ हाका मारल्या असतील, बाजाराच्या दिवशी गल्लीत कुणी नसताना. मग भाऊ आला, रडला. मग मी त्याच्यावर ओरडले. मग लोक जमले, आणि शेळी कुणाला द्यायची तेही ठरलं. मध्येच मी भानावर यायचे, फोन लावायचे, रिंग ऐकायचे आणि पुन्हा मोरीत जायचे. प्रत्येक रिंग त्या बंद घरात वाजत असणार, आणि ती ऐकत असणार, असं वाटून मी फोन लावणंही बंद केलं.

मोडनिंबला उतरले ती पळतच सुटले. आमचं घर हमरस्त्यापासून आत, दोन खोल्यांचं. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं. पंखा टकटक करत फिरत होता, आणि चटईवर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. पदर बाजूला, एक हात अंगाखाली मुडपलेला. मी उंबऱ्यातच थांबले. पुढे पाऊल पडेना.

आणि ती घोरली.

आयुष्यात मला घोरणं एवढं गोड कधी लागलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यांदा रडायला लागले. त्यानं ती दचकून उठली.

"कोन मेलं?"

"कुणी नाही."

"मग एवड्या उन्हाचं रडायला हितं आलीस व्हय?"

फोन पिठाच्या डब्यावर होता, आवाज कधी दाबला गेला ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर ओरडली. मग चहा झाला. मी तिला अम्मांची गोष्ट सांगितली, तशी ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बराबर हाय की त्या बाईचं. पडते म्हंजी पडते. हितं म्हंजी हितं, पंख्याखाली. त्यात काय समजायचं?"

मी मात्र हसले नाही. मी नियम घातला. इथून पुढे झोपायला टेकली असशील तर "आडवी झालेय" म्हणायचं. "पडले" हा शब्द खरोखर पडलीस तरच.

"मी न्हाय पडत," आई म्हणाली. आमच्या आईचं कायमच पडलो तरी नाक वर. मग चहाची कपबशी उचलता उचलता तिनं विचारलं, "आन् पडलेच, तर फोनपातुर कोन जाईल?"

मी म्हटलं, फोन कमरेला ठेवत जा. आणि तिला एक कापडी पिशवी शिवून दिली, विड्याच्या चंचीसारखी. ती तिनं मुकाट्यानं कमरेला खोचली. आई मुकाट्यानं काही ऐकते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

सरांना मी सगळं सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. एका अम्मावरून तुम्ही सगळं कसं ठरवता, म्हणाले. मी म्हटलं, सगळ्यांना पुन्हा विचारू. माझं तोंड कामाला आलं. प्रश्न बदलला. "पडणे" या शब्दाला त्यात बंदी घातली. तोल जाऊन किंवा पाय घसरून जमिनीवर आपटलात का, असं स्वच्छ विचारायचं ठरलं, आणि या वेळी मुलींबरोबर मी स्वतः फिरले.

सगळ्या जणी "न्हाय" म्हणाल्या. एकही आपटली नव्हती. सर म्हणाले, बघा, कार्यक्रम चांगलाच आहे. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण अम्मांनी मला पाण्याचा पेला दिला तो डाव्या हातानं. पदर सरकला तेव्हा उजवं कोपर दिसलं, हिरवं-निळं झालेलं.

"हे काय, अम्मा?"

"दार लागलं."

सून आत गेल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या. "नळाच्या पान्याच्या दिवशी जिन्यावरनं घसरले. बोलू नका मॅडम कुनाला. पोराला कळलं की जिना बंद. जिना बंद झाला की तुमचा वर्ग बंद. मग मी दिवसभर काय करू, भिंत बघत बसू?"

"पण मी विचारलं तेव्हा तरी सांगायचं."

"तुमी असं तोंड करून इचारलं," अम्मा म्हणाल्या, "मला वाटलं, व्हय म्हटलं तर तुमीच पडाल."

कोपर कुणाचं ते सोडून मी बाकीचं सगळं ऑफिसात सांगितलं. पहिला आकडा खोटा, कारण त्यांना प्रश्न कळला नव्हता. दुसराही खोटा, कारण या वेळी नीट कळला होता. मधल्या मध्ये कार्यक्रम चांगला की वाईट, हे मला खरोखर माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्या बायका लागलेलं कोपर लपवून तिथे येतात. सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि माढ्याचं पुढे बघू, म्हणाले.

पण मला आता माढ्याची नाही, दुपारच्या फोनची धास्ती होती. आई नियम पाळत होती. मी विचारायच्या आत सांगायची, "आडवी झालेय." रोज. न चुकता. आधी वाटायचं, किती शहाण्यासारखी वागतेय. अम्मांचं कोपर पाहिल्यापासून वाटायला लागलं, तिला माझं तोंड फोनमधूनही दिसत असेल. मी घाबरू नये म्हणून ती तो शब्द पुढे करत असेल. मग मी शब्द ऐकायचं सोडलं आणि शब्दामागचं ऐकायला लागले. पंख्याची टकटक आली की ती घरात, चटईवर. टकटक नाही आली की माझा घास हातातच. वीज गेली असेल, असं मनाला सांगायचं. मग मोडनिंबची वीज गेली आहे का, हे कुणाला तरी विचारायचं. डबा तसाच परत जायचा. ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, उपास का गं आज?

असंच एका दुपारी मी समाजमंदिरात होते. वर्गाला वेळ होता, दोन-चार जणीच आल्या होत्या, अम्मा माझ्या शेजारच्या खुर्चीवर. मी फोन लावला. लगेच उचलला.

"आडवी झालेय," आई म्हणाली.

टकटक नव्हती. शेळी ओरडत होती, अगदी फोनमध्ये तोंड घालून ओरडावं तशी. आमच्या आईनं आजवर शेळीला उंबरा ओलांडू दिलेला नाही.

"शेळी घरात कशी आली?"

शेळी पुन्हा ओरडली.

"आई, कुठे आहेस तू?"

"हाय की हितंच."

"हितं म्हणजे कुठं?"

"गोट्याच्या दारात." मग थांबून म्हणाली, "सावली हाय. काळजी नगं करू. मगापासनं उटायला बघतेय, पर ह्यो पाय काय माजं ऐकंना."

"मग आडवी झालेय काय म्हणतीस!" मी एवढ्या जोरात ओरडले की समाजमंदिरात सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"आडवीच हाय की," आई म्हणाली. "खोटं कुटं बोलले?"

या वेळी मी फोन ठेवला नाही. अम्मांनी काही न विचारता स्वतःचा फोन माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या बोटांना आकडे सापडेनात, तेव्हा त्यांनीच तो परत घेतला. मी शेजारच्या सुनेचा नंबर सांगत गेले आणि त्या दाबत गेल्या. या वेळी तिनं उचलला. "पळ," एवढंच मी म्हणाले, "गोठ्याकडे पळ."

मग मी नुसतं ऐकत राहिले. आधी शेळी. मग आईचा श्वास, थोडा थोडा, अडखळत, मध्येच एक कण्हणं, जे तिनं लगेच गिळलं. मी तिच्याशी काय बोलत होते, देव जाणे. बहुतेक गोळी घेतलीस का, असंच काहीतरी. मग लांबून चपला वाजल्या, फाटक वाजलं, आणि शेजारणीचा आवाज आला, "आगं बया! मावशी, पडला व्हय तुमी?"

फोन कशानं तरी झाकला गेला. आईनं त्यावर पदर दाबला असावा. तिला वाटलं असेल, आता मला ऐकू येत नाही. दबलेला, पण सगळा ऐकू आला तिचा आवाज.

"हळू बोल की. तिला पडले म्हनून सांगू नगंस. लई भिती ती."